शब्दांविना हास्यचित्र की ओळीसह व्यंगचित्र?

शि. द. फडणीस यांची 'हंस', 'मोहिनी' या मासिकांच्या मुखपृष्ठांवरील शब्दविरहित हास्यचित्रे आणि आर. के. लक्ष्मण यांची 1951 पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त येत राहिलेली व्यंगचित्राची छोटी चौकट शेजारी ठेवली, तर एकाच कलेच्या दोन वेगळ्या शिस्ती दिसतात. फडणीसांच्या चित्रात शब्दांचा आधार नसल्यामुळे विसंगतीचा सगळा भार रचनेवर आणि रंगांवर पडतो. नजर आधी नेहमीच्या वाटणाऱ्या दृश्यावर स्थिरावते, मग त्यातली गंमत तिला स्वतःच सापडते, आणि या शोधाचा आनंद मला विनोदाहूनही मोठा वाटतो. त्यासाठी अनावश्यक ते सारे चित्राबाहेर ठेवावे लागते, कारण एखादी जास्तीची खुर्चीसुद्धा लक्ष भलतीकडे नेते. लक्ष्मण यांच्या चौकटीत विनोदाची ओळ दुसरे पात्र बोलते, तर चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन' गप्प राहून तिचा अर्थ गडद करतो. ओळीमुळे ताजी बातमी नेमकी पकडता येते. मात्र बातमी विस्मरणात गेली की चित्र समजावून सांगावे लागते. म्हणून पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी मी फडणीसांचेच चित्र निवडेन.