तीस अँपिअरचे चार ईएससी, आठ महिने आणि चौथ्याचा वेगळा सूर

विकत घेतल्याच्या आठवड्यातच भरभरून लिहिणारे पुष्कळ असतात. मी आठ महिने थांबलो, पण त्यात शहाणपण काही नव्हतं. पहिले तीन महिने यंत्र, म्हणजे मी घरी बांधलेला चार मोटरींचा ड्रोन, सरळ उडतच नव्हतं, लिहिणार काय? ईएससी म्हणजे बोर्डाच्या हुकुमाप्रमाणे मोटरीला कमीजास्त वीज देणारा तुकडा, दर मोटरीला एक.

आधी काय बांधलंय ते सांगतो. ४५० मिलिमीटरची फ्रेम, ए२२१२ जातीच्या १००० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटात तेवढे फेरे) मोटरी, १० बाय ४.५ इंचांचे प्रॉप म्हणजे पंखे, ३ सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी, उड्डाण सांभाळायला पिक्सहॉक २.४.८ म्हणून मिळतो तो बोर्ड, त्यावर आर्डूकॉप्टर हे सॉफ्टवेअर आणि हातात फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट. सगळं मिळून वजन बाराशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो गटात. उडवतो वाईजवळ आमच्या गावी, ऊस तुटून गेलेल्या वावरात. पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत फक्त सोल्डरिंग आणि आईची बोलणी.

ईएससी घेतले पुण्यातल्या तापकीर गल्लीतून. तीस अँपिअरचे, साडेतीनशेला एक, चारही एकाच पिवळ्या वेष्टनातले. दुकानाचं नाव घेत नाही, कारण त्या माणसालाही आत काय आहे हे ठाऊक नसावं.

कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेच इथे आधी सांगतो. बोर्ड प्रत्येक ईएससीला सतत पल्स पाठवत असतो. १००० मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे बंद, २००० ची म्हणजे पूर्ण जोर. ती मोजायला ईएससीच्या पोटात त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि स्वस्तातली घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. चार वाण्यांकडे चार शेर, तसला प्रकार. बोर्ड चौघांना एकच आकडा सांगतो आणि चौघे चार वेगवेगळे ऐकतात. म्हणून रिमोटचं वरचं टोक आणि खालचं टोक एकदा दाखवून प्रत्येकाकडून ‘हे पूर्ण, हे शून्य’ असं वदवून घ्यायचं. बस, एवढंच. मोटर चांगली की वाईट, तार तुटकी की धड, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पद्धत सोपी आहे. यूएसबी काढायची, प्रॉप काढायचे, रिमोटचा थ्रॉटल, म्हणजे जोराची काठी, पूर्ण वर. बॅटरी जोडली की बोर्डाचे दिवे लाल, निळा, पिवळा असे फिरू लागतात. थ्रॉटल तसाच वर ठेवून बॅटरी काढून पुन्हा जोडायची आणि सेफ्टीचं बटण दाबून धरायचं. मग सूर येतो, सेल मोजणाऱ्या तीन बीप येतात, पाठोपाठ आणखी दोन. त्या दोन ऐकल्या रे ऐकल्या की थ्रॉटल खाली. एक लांब बीप आली की झालं. हे सगळं रिमोटचं कॅलिब्रेशन मिशन प्लॅनरमध्ये (संगणकावरून बोर्डाची सेटिंग्ज बघायचं सॉफ्टवेअर) झाल्यावरच करायचं. मी आधी ईएससीचं केलं आणि नंतर रिमोटचं, त्यामुळे पहिली फेरी पाण्यात.

प्रॉप काढायचे, हे वाक्य मीही शंभर वेळा वाचलं होतं. तिसऱ्या फेरीला ‘एकच तर बघायचंय’ म्हणून एक प्रॉप तसाच ठेवला. बोर्डाने काय समजून घेतलं देव जाणे, मोटर पूर्ण जोरात सुटली आणि हॉलचा पडदा मधोमध फाटला. बोटं शाबूत आहेत. पडद्याच्या जागी आता आईने जुनी चादर लावलीय आणि ती मुद्दाम काढत नाही.

कॅलिब्रेशनने काय सुधारलं? खरोखर सुधारलं ते एवढंच: मोटरी जवळजवळ एकाच वेळी सुरू व्हायला लागल्या. मिशन प्लॅनरच्या मोटर टेस्टमध्ये एकेक टक्का वाढवत गेलो, तर आधी दोन मोटरी ६ टक्क्यांना जाग्या व्हायच्या, एक ७ ला आणि एक ९ ला. नंतर तीन ७ ला, एक ८ ला. मग ‘मोट स्पिन आर्म’ हे मूल्य ०.१० वर आणि ‘मोट स्पिन मिन’ ०.१३ वर नेलं, म्हणजे आर्म केल्यावर (मोटरी उडायला मोकळ्या केल्यावर) चारही सावकाश फिरतात आणि उतरताना एकही बंद पडत नाही. टेस्टमध्ये ए म्हणजे पुढची उजवी आणि तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बी, सी, डी. बोर्डावरचे १, २, ३, ४ मात्र या क्रमाने नाहीत. १ पुढची उजवी, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी. मी व्हिडिओ पाहत होतो बीटाफ्लाइट या दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा, तिथे १ नंबर मागच्या उजव्या कोपऱ्यात असतो. त्या गोंधळात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि यंत्र जमिनीवरच दोनदा कोलांटी मारून पडलं.

पुढची तक्रार ३ नंबरच्या मोटरची. सुरू होताना ती फिरायची नाही, नुसती थरथरायची, मग झटका खाऊन फिरायची. मी काय केलं असेल? पुन्हा कॅलिब्रेशन. चार वेळा. शेवटी अदलाबदल केली: ३ ची मोटर ४ च्या ईएससीला जोडली, ४ ची ३ च्या. दोष मोटरीबरोबर गेला. म्हणजे ईएससी निर्दोष. साडेतीन मिलिमीटरच्या बुलेट कनेक्टरवरचं वेष्टन कापलं, तर मोटरीच्या तीन तारांतली एक नुसती टेकलेली, ड्राय सोल्डर म्हणजे कच्चा डाग. माझाच हात. साठ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जाड टोकाने डाग दिला आणि मोटर न थरथरता गुपचूप फिरली. अदलाबदलीला दहा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही, तरी ती सुचायला मला तीन आठवडे लागले.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत वावरात आठवं मिनिट चालू असताना यंत्र वर नेत होतो आणि ते एकाएकी मागे डावीकडे कलंडलं. साधारण दोन मजले उंचीवरून बांधावर. फ्रेमचा एक हात मोडला, दोन प्रॉप गेले. घरी आल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन केलं. पुढच्या रविवारी पुन्हा आठव्या मिनिटाला तेच, या वेळी सुदैवाने कमरेएवढ्या उंचीवर.

तेव्हा पहिल्यांदा लॉग, म्हणजे बोर्डाने ठेवलेली उड्डाणाची नोंदवही, उघडला. हे आधीच करायला हवं होतं. ‘आरसीओयू’ नावाच्या नोंदीत बोर्ड चारही मोटरींना काय सांगत होता ते दिसतं. ते वाचायची रीत अशी: पुढच्या दोन आणि मागच्या दोन यांत सतत फरक असेल तर बॅटरी मध्यावर नाही. १ आणि २ विरुद्ध ३ आणि ४ असा फरक असेल तर एखाद्या हातावर मोटर तिरकी बसलीय आणि यंत्र स्वतःभोवती वळायला बघतंय. आणि एकच मोटर २००० ला जाऊन भिडते, तिच्या समोरची कर्णावरची खाली जाते, तर त्या एका मोटरीला जोर मिळत नाहीये. माझ्या लॉगमध्ये २ नंबर वर जाऊन चिकटली होती आणि १ नंबर तळाला. त्याच क्षणी बॅटरी ९.७ व्होल्टवर घसरलेली. बॅटरीचा फेलसेफ (बॅटरी उतरली की यंत्र आपोआप खाली आणणारी सोय) मी लावलेलाच नव्हता, ती चूक माझी.

पण व्होल्टेज चौघांनाही तेवढंच मिळत होतं, मग एकट्या दोनलाच काय झालं?

उत्तर भाच्याने दिलं. तो पेटी वाजवायला शिकतो, सातवीत आहे. बॅटरी जोडली तसा म्हणाला, “मामा, यातला एक बेसूर आहे.” मी म्हटलं, चारही एकत्र वाजतात, तुला काय कळतंय. त्याने एकेकाला कान लावला आणि मागच्या डाव्यावर बोट ठेवलं. मग मोटर टेस्ट करून पाहिली. तीन मोटरी बंद केल्यावर हळूहळू थांबत होत्या, ती एकटी जागच्या जागी कट्कन. म्हणजे तिच्या ईएससीचा ब्रेक चालू होता. वेष्टन फाडलं, तर तिघांवर अॅटमेगा-८ आणि याच्यावर वेगळीच चिप, वेगळाच बोर्ड. रिमोटवरच्या छोट्या विमानासाठी बनवलेला ईएससी, वर लेबल तेच.

विमानाच्या ईएससीत बॅटरी उतरली की मोटरचा जोर कमी करायची सोय असते. विमान तरंगत खाली येतं, रिमोट आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) चालू राहतात, सोय चांगलीच आहे. चार मोटरींवर उभ्या असलेल्या यंत्रात मात्र एकीने जोर सोडला की खेळ खलास.

आणि ब्रेक चालू कुणी केला? माझा अंदाज असा: मीच. अशा ईएससीत दोन बीप झाल्यावरही थ्रॉटल वर धरून ठेवला की सुमारे पाच सेकंदांनी सेटिंगचा मेनू सुरू होतो आणि सूर बदलत राहतात. एखाद्या सुरावर काठी खाली आणली की ते सेटिंग निवडलं जातं, मग पुन्हा वर नेली की त्यातलं मूल्य. मी दर फेरीला ‘नीट ऐकू दे’ म्हणून काठी वर धरून उभा असायचो. इतर तिघांना त्याचं काही नव्हतं. हा बिचारा माझ्या प्रत्येक फेरीत काहीतरी नवीन शिकत होता.

दुरुस्ती म्हणून तो ईएससी सरळ रिमोटच्या रिसीव्हरला, थ्रॉटलच्या तिसऱ्या चॅनेलवर जोडला. चारपैकी तिघांच्या लाल तारा मी प्लगमधून काढून ठेवल्या होत्या, त्यातली याची पुन्हा बसवावी लागली, नाहीतर रिसीव्हरला वीज कुठून? मेनूतून ब्रेक बंद, बॅटरीचा प्रकार लायपोऐवजी निकेल-मेटल, कट-ऑफ, म्हणजे जोर कमी करायची पातळी, सगळ्यांत खाली. उडवून पाहिलं, अकरा मिनिटं सरळ उडलं. तरीही विश्वास बसेना, म्हणून तिघांसारखाच आणखी एक शोधून आणला. या वेळी दुकानात वेष्टनाच्या फटीतून चिपवरची अक्षरं वाचली आणि मगच पैसे दिले. त्यानंतर कॅलिब्रेशन एकदाच केलं. पाच महिने झाले, पुन्हा हात लावलेला नाही. उन्हाळ्यात फ्रेमच्या हातांखाली झिप-टायने बांधलेले ईएससी उतरल्यावर कोमट लागतात, तापत नाहीत.

घ्यावेत का? शिकायचं असेल आणि चिप डोळ्यांनी बघून घेता येत असेल तर घ्या, आणि चार नको, पाच घ्या. पाचपैकी साडेतीन गुण, दीड कापला तो लेबलाचा. नुसतं उडवायचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून डीशॉट चालणारे घ्या. त्यात पल्सच्या लांबीवरून जोर ठरवायची भानगडच नाही, बोर्ड थेट आकडा पाठवतो आणि सोबत तपासणीचे चार बिटही, त्यामुळे कॅलिब्रेशन नावाचा प्रकारच उरत नाही. मात्र माझ्यासारखा जुना बोर्ड असेल तर तारा मुख्य पिनांवरून काढून ऑक्सच्या (जादा) पिनांवर न्याव्या लागतील आणि ९ ते १२ या आउटपुटना ३३ ते ३६ हे फंक्शन द्यावं लागेल. पुढच्या यंत्राला मी तेच करणार आहे. फ्रेम आणलीय, आईला अजून सांगितलेलं नाही.

तो बेसूर ईएससी भाच्याने मागून घेतला. थर्माकोलच्या ग्लायडरला बसवलाय. पुढे घडीचा प्रॉप आहे, मोटर थांबली की त्याची पाती मिटतात, त्यामुळे ब्रेक पुन्हा चालू केला.