फॉकलंडचा डाव : एक्सोसेट घ्यावं की पाणबुडी?

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिनात 1982 साली झालेल्या युद्धाचा डाव टेबलावर मांडणार असाल आणि वाट्याला अर्जेंटिना आली असेल, तर पहिला पेच हाच पडतो. ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकांच्या मागे सुपर एतांदार विमानं आणि त्यांची जहाजविरोधी एक्सोसेट क्षेपणास्त्रं लावायची, की ‘सान लुईस’ पाणबुडीवर भिस्त ठेवायची? दोन्ही धड पोसता येतील इतके गुण (ज्यांच्या बदल्यात विमानं-जहाजं घ्यायची) आमच्या नियमांत तरी मिळत नाहीत. मी दोन्ही करून पाहिलंय.

एक्सोसेटचा मोह समजू शकतो. 4 मे रोजी एका जुनाट नेपच्यून टेहळणी विमानाने ठावठिकाणा दिला, दोन सुपर एतांदार लाटांना लागून उडत गेली आणि ‘शेफिल्ड’ ही विनाशिका पेटली. या धास्तीने ब्रिटिशांनी विमानवाहू नौका बेटांच्या बऱ्याच पूर्वेला ठेवल्या, त्यामुळे त्यांवरच्या हॅरियर लढाऊ विमानांना बेटांवर घिरट्या घालायला वेळ कमी मिळू लागला. याचं श्रेय पाणबुडीला देता येत नाही, मान्य. फक्त विमानातून डागायची ही क्षेपणास्त्रं होती अवघी पाच.

माझं मन उडालं ते शिळ्या ठिपक्यामुळे, म्हणजे नकाशावरच्या शत्रूच्या जुन्या झालेल्या जागेमुळे. आमच्याकडे पंच शत्रूची जागा चिठ्ठीवर लिहून देतो, तीही पुढच्या चालीत. एक चाल म्हणजे एक तास. तेवढ्यात 25 नॉटने निघालेली नौका 46 किलोमीटर लांब गेलेली असते, कोणत्या दिशेला ते तिलाच ठाऊक. म्हणजे शोधायचं वर्तुळ झालं सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरचं, बृहन्मुंबईच्या दहापटीहून मोठं. विमानं हवेत, इंधन संपत आलेलं आणि रडारवर भलतंच जहाज. खेळाडू वैतागतो, पण नियम खोटा नाही. मे महिन्याच्या मध्यात नेपच्यून थकून जमिनीवर बसली, तेव्हा अर्जेंटिनाचे लोक बेटांची राजधानी पोर्ट स्टॅन्ली इथल्या रडारवर परतणारी हॅरियर्स कुठे दिसेनाशी होतात ते पाहून नौकांची जागा ताडत होते. हुशारी खरी, पण अंदाजच तो. 25 मे रोजी विमानवाहू नौकेसाठी सोडलेली क्षेपणास्त्रं लागली ‘अटलांटिक कन्व्हेअर’ या मालवाहू जहाजाला. त्यावरची चिनूक हेलिकॉप्टरं गेली, ब्रिटिश सैनिकांना बेटावर पायपीट करावी लागली. विमानवाहू नौका मात्र शाबूत.

पाणबुडीची रडगाणी वेगळी. डिझेलवरची ‘सान लुईस’ पाण्याखालून विमानवाहू नौकेचा पाठलाग करूच शकत नाही, वाटेत दबा धरून बसावं लागतं. प्रत्यक्षात तर तिचा नेम धरणारा संगणकच बिघडला होता आणि तिचा एकही टॉर्पेडो लागला नाही. तरीही ब्रिटिश सारा वेळ पाण्यात पाणबुडी शोधत बसले, भास झाला तिथेही दारूगोळा ओतत राहिले. उलट बाजूने पाहा : ब्रिटिशांच्या ‘काँकरर’ पाणबुडीने 2 मे रोजी ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली आणि अर्जेंटिनाची विमानवाहू नौका ‘व्हेइन्तिसिंको दे मायो’, तिला ओरखडाही न येता, युद्धातून बाहेर पडली. आता कुणीतरी 1971 च्या युद्धातली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ काढणारच. ती ‘विक्रांत’ला शोधत आली आणि विशाखापट्टणमसमोर स्वतःच बुडाली, बरोबर. पण तिच्यामुळेच ‘विक्रांत’ला अंदमानात दडवून ठेवलं होतं, हेही धरा ना.

तुमचा पंच चिठ्ठी लगेच देणारा असेल, तर कदाचित तुमचं मत माझ्याहून वेगळं होईल. मी हल्ली बहुतेक गुण पाणबुडीवरच लावतो. बेटांच्या उत्तरेला उथळ पाण्यात तिला बसवतो आणि पहिल्या काही चाली काहीच करत नाही. समोरचा आपणहून सोनार (आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधायचं यंत्र) चालू करतो आणि हेलिकॉप्टरं हवेत ठेवून स्वतःच दमतो. एक्सोसेटच घ्यायची असतील, तर निदान नेपच्यूनचे गुण वाचवायला जाऊ नका. पहिल्यांदा खेळणारे नेमकी तीच काटछाट करतात.