कोदोचा घरगुती संच पुण्याच्या पावसाळ्यात कसा चालतो

कोदो, म्हणजे जपानी गंधविधी, शिकू पाहणाऱ्यांसाठी ऑनलाइन मिळणारा हा संच. हातात मावणारी चिनीमातीची वाटी, पांढरी राख, कोळशाच्या गोळ्या, अभ्रकाच्या चकत्या, राख दाबायची पट्टी, काड्या, चिमटा आणि पाच प्रकारच्या अगरूच्या (राळ मुरलेल्या सुगंधी लाकडाच्या) प्रत्येकी पाच पुड्या. वाटी आणि अभ्रक उत्तम. राख बारीक, बिनवासाची. माहितीपत्रक मात्र कच्चं आहे.

आधी राखेचं बघा. जून ते सप्टेंबर पुण्यात राख ओल धरते आणि ओली राख निखारा विझवते. वापरायच्या आधी कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर ती परतून घ्या आणि कोमट असतानाच वाटीत भरा. गोळी चिमट्यात धरून गॅसवर सगळीकडून लाल होऊन वर पांढरट थर येईपर्यंत पेटवा. अर्धवट पेटलेल्या गोळीला कोळशाचाच वास येतो. मग ती राखेत पुरून वर राखेची टेकडी करायची, पट्टीने हलकेच दाबायची आणि शिखरातून काडीने थेट निखाऱ्यापर्यंत भोक पाडायचं. भोक पाडायचं राहून गेलं तर हवा न मिळून निखारा मरतो. भोकावर अभ्रकाची चकती, चकतीवर तांदळाच्या कणीएवढा अगरू.

सगळं कसब निखारा किती खोल पुरायचा यात आहे. धूर दिसला की तो फार वर आहे असं समजा. इथे लाकूड जळता कामा नये, नुसतं तापून त्यातली राळ दरवळली पाहिजे. काहीच वास येत नसेल तर निखारा फार खोल गेलाय. वाटी डाव्या तळव्यावर घ्या, उजव्या हाताने वरून आडोसा करा, तीन सावकाश श्वास घ्या आणि श्वास सोडताना तोंड बाजूला वळवा. पंखा बंद हवा. गजरा, अत्तर, देवघरातली उदबत्ती, काहीही जवळ नको. गोळ्या संपल्या म्हणून हुक्क्याचा झटपट पेटणारा कोळसा वापरू नका. त्यात सोरा असतो आणि पाचही अगरूंवर त्याचाच वास बसतो.

संचातला खेळ गेंजीको. 25 पुड्या मिसळून पाच उचलायच्या, एकेक हुंगायची आणि उजवीकडून डावीकडे पाच उभ्या रेघा काढून सारख्या वाटलेल्या गंधांची टोकं जोडायची. अशा 52 आकृत्या होतात.

माहितीपत्रकाची चूक इथे आहे. जपानी दरबारी सान्जोनिशी सानेताका (1455–1537) रेशमी महालात बसून गेंजीको खेळतोय असं त्यात दाखवलंय. कोदोच्या ओइए परंपरेचा तो आद्य पुरुष मानला जातो हे खरं, पण हा खेळ एदो काळातला (1603–1868), त्याच्या बराच नंतरचा. महालाचं तर विचारूच नका. ओनिनच्या युद्धात (1467–77) राजधानी क्योतो बेचिराख झालं आणि दरबाऱ्यांना जहागिरीतून येणारं उत्पन्न आटलं. सम्राट गो-काशिवाबारा 1500 मध्ये गादीवर आला, पण खर्चाला पैसा नसल्याने त्याचा राज्यारोहण सोहळा 1521 पर्यंत रखडला. सम्राटाची ही गत, तर दरबाऱ्यांची काय असणार! सानेताकाच्या घराण्याला रामी या झाडाच्या धाग्याच्या व्यापाऱ्यांकडून पट्टी मिळे, तिचाही भरवसा उरला नव्हता. त्याच्या हाती उरली ती विद्या: ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीच्या नकला करून देणं, कविता शिकवणं. ज्यांच्या लढायांनी दरबार बुडाला त्या सरदारांनाच दरबारी रीतीची ओढ होती. 1574 मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने नारामधल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन कोठारातल्या रानजाताइ या अगरूच्या ओंडक्याचा तुकडा कापून घेतला, तोही सम्राटाची परवानगी काढून. पत्रकात यातलं काही असतं तर कणीभर लाकडासाठी एवढा सोपस्कार का, हे नवशिक्याला नीट उमगलं असतं.

घ्यावा का? उदबत्तीसारखं घर दरवळावं अशी अपेक्षा असेल तर नको. हा वास वाटीपाशीच राहतो. चार-पाच जण शांतपणे बसणार असतील तर जरूर घ्या. त्याहून जास्त माणसं असली तर शेवटच्यापर्यंत गंध फिका पडतो. एक अडचण पत्रकात सांगितलेलीच नाही: पहिल्या डावात पाच पुड्या संपल्या की पाची प्रकारांची संख्या बहुधा सारखी राहत नाही, त्यामुळे पुन्हा भरल्याशिवाय नियमाने दुसरा डाव मांडता येत नाही. भरण्यासाठी रविवार पेठेतल्या अत्तरवाल्यांकडे अगरू मागितलात तर तेल न लावलेला हवा असं स्पष्ट सांगा. तेल लावलेला तुकडा अभ्रकावर ठेवताच धुरावतो आणि चकती कायमची डागाळते.