रागुसाचे ३० दिवस की व्हेनिसचे ४०?

क्वारंटाइनचा पहिला मान कुणाला, यावर बरेच जण अडतात. रागुसाचा (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) १३७७ चा नियम साधा: प्लेगच्या भागातून आलात तर आधी महिनाभर म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी राहा. खर्च किरकोळ.

व्हेनिसने वेगवेगळ्या बेटांवर १४२३ मध्ये रुग्णांसाठी आणि १४६८ मध्ये संशयितांसाठी लाझारेत्तो (लोकांना वेगळं ठेवायची जागा) उभारलं; संशयितांचा मुक्काम ४० दिवसांचा. इमारती, पहारेकरी, माल उघडून हवा देणं. काम महागडं, पण आजारी आणि संशयित वेगळे राहत. प्लेगची लक्षणं सहसा आठवड्यात दिसतात, तेव्हा माणसांपुरते ३० दिवसही पुष्कळच. प्लेग पसरवणाऱ्या, उंदरांवरच्या पिसवांचा संशय मात्र दोघांनाही नव्हता.

तातडीचा, स्वस्त बंदोबस्त हवा तर रागुसा. मालाची मोठी उलाढाल कायम चालवायची तर व्हेनिस.