चिनी सुलेखनाची पेटी: शाळेच्या कार्यक्रमासाठी घ्यावी का?

२० एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांचा चिनी भाषा दिन. त्सांगच्येने अक्षरं घडवली तेव्हा आभाळातून धान्य बरसलं, अशी चिनी दंतकथा आहे, म्हणून हा दिवस 'गूयू' या धान्यवर्षावाच्या पर्वाशी जोडलेला. या दिवशी किंवा चिनी नववर्षाला आंतरराष्ट्रीय शाळेत सुलेखनाचा तास ठरला, की आधी रेशमी कापड लावलेली पेटी मागवली जाते. तिच्यात दोन कुंचले, शाईची कांडी, छोटी उगाळायची शिळा, शिक्का आणि तो उमटवायचं लाल शाईचं लुकण असतं. भेट द्यायला ही पेटी सुरेख आहे. पंचवीस मुलांच्या वर्गासाठी मात्र घेऊ नये.

पहिली अडचण शिळेची. चार-पाच अक्षरांपुरती शाई उगाळायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तास असतो चाळीस मिनिटांचा. स्वस्त शिळा इतकी गुळगुळीत असते, की शाई राखाडी पाण्यासारखीच राहते. उगाळून दाखवायला एक शिळा बाईंच्या टेबलावर ठेवावी, लिहायला बाटलीतली शाई घ्यावी. बीजिंगची १८६५ पासूनची 'यीदेगे' उत्तम. प्रत्येकाला १० मिली धरली तर २५० मिलीची बाटली वर्गाला पुरते. ही काजळीची शाई गणवेशावरून निघत नाही, तेव्हा वरून जुना शर्ट हवाच.

पेटीतले कुंचले बहुधा बकरीच्या केसांचे. ते फार मऊ. दाबल्यावर वाकतात आणि नवशिक्या हाताला परत सरळ करता येत नाहीत. 'लांगहाओ' ताठ असतो; नावात लांडगा असला तरी केस वीझल या प्राण्याचे. मुलांसाठी मिश्र केसांचा 'च्येनहाओ' घ्यावा, केसांची लांबी ३ ते ४ सेंमी. याहून बारीक कुंचला दिला की मुलं तो पेन्सिलीसारखा धरतात आणि मनगट टेबलाला चिकटतं.

नव्या कुंचल्याचं टोक खळीने कडक केलेलं असतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून ते बोटांनी हलकेच मोकळं करावं. गरम पाण्याने मुळाशी असलेला डिंक सुटतो आणि केस गळतात. प्लॅस्टिकची टोपी त्याच दिवशी फेकून द्यावी. मुलं ती काळजीने परत बसवतात, दोन-चार केस उलटे दुमडतात आणि पुढे प्रत्येक रेघ फाटते.

खरा पैसा कागदावर खर्च करावा. आन्ह्वेइ प्रांतातल्या चिंगश्येनचा श्वेन कागद जगप्रसिद्ध आहे. तो बनवण्याची कला २००९ साली युनेस्कोच्या यादीत आली. पण कच्चा, म्हणजे प्रक्रिया न केलेला श्वेन शाई झपाट्याने पितो. आपल्या बोरूत रेघेची जाडी कापाच्या कोनातून येते, इथे ती दाबातून येते. मूल क्षणभर थबकलं, की तिथे रुपयाएवढा डाग पसरतो. सरावाला पिवळसर, बांबूचा 'माओब्येन' बरा, तोही चौकटी आखलेला. खाली नमद्याचा तुकडा हवाच, नाहीतर कागद टेबलाला चिकटून फाटतो.

सगळ्यात पैसा वसूल होतो तो पाण्याने लिहायच्या कापडावर. साध्या पाण्याने काळी रेघ उमटते आणि काही मिनिटांत वाळून जाते. दमट हवेत जरा जास्त वेळ लागतो. कुंचला भांड्याच्या काठावर निथळून घ्यावा, नाहीतर पाणी ओघळून अक्षर मोडतं. शाईचा एक थेंबही लागला तर कापड कायमचं बिघडतं, म्हणून त्याचे कुंचले वेगळे ठेवा. कापड घडी न घालता गुंडाळावं.

त्यावर आधी 'योंग' गिरवून घ्यावं. त्या एका अक्षरात सुलेखनाच्या आठ मूळ हालचाली येतात. मग 'फू', म्हणजे सुखसमृद्धी; नववर्षाला हे अक्षर लाल कागदावर लिहून दारावर लावतात. यात १३ रेघा: डावीकडे चार, उजवीकडे नऊ. डाव्या भागाला वर एक टिंब, मग मोडती आडवी रेघ, उभी रेघ आणि उजव्या बाजूला एकच छोटं टिंब. मुलं नेमकं तिथे दुसरं टिंब देतात, आणि तो भाग 'कपडे' या अर्थाचा होऊन अक्षर चुकतं. दारावर लावलेलं चुकीचं 'फू' चिनी पाहुण्यांना लांबून दिसतं, त्यामुळे लाल कागद हातात देण्याआधी हे एक टिंब तपासाच.

लाल कागदाच्या गुळगुळीत थराला शाई लवकर शोषता येत नाही. अर्धा तास तरी आडवा वाळू द्यावा. एकावर एक ठेवले की सगळे बरबटतात. 'फू' उलटं लावलं तर चूक नाही: 'उलटं' आणि 'आलं' या दोन्हींचा उच्चार 'दाओ', म्हणून सुख आलं.

दाराच्या दोन बाजूंना लावायच्या जोडओळींत मात्र अदलाबदल चालत नाही. दाराकडे तोंड केल्यावर पहिली ओळ उजवीकडे, दुसरी डावीकडे. ओळखायचं शेवटच्या अक्षराच्या सुरावरून (चिनी उच्चारात चार सूर असतात): आजच्या उच्चारात तो तिसरा किंवा चौथा असेल तर सहसा ती पहिली ओळ, पहिला किंवा दुसरा असेल तर दुसरी.