"वयाबरोबर सरळ होईल हो!"

घोड्याचं चौदा महिन्यांचं शिंगरू मी गुडघाभर पेंढ्यात, टापा दिसत नसताना पसंत केलं. सांगायला लाज वाटते, पण सांगतोच.

विकणारा बोलायला गोड. "पायाला हात लावू देत नाही अजून, लहान आहे," म्हणाला, आणि मी मान डोलावली. तिथेच थांबायला हवं होतं. ज्याच्या खांद्यावरून खाली हात नेता येत नाही, टाप उचलून तळवा बघता येत नाही, ते जनावर आपण बघितलेलंच नसतं. बाहेर काढा म्हटलं तर त्याने गवतात काढलं, टापा पुन्हा झाकलेल्याच. मी समोर जाऊन उभा राहिलो की दोरी ओढून त्याची मान वळवायचा. मान वळली की शिंगरू वजन एका पायावर टाकतं, मग पायाची खरी ठेवण कळतच नाही.

तरी डाव्या पुढच्या टापेचं टोक आत वळल्याची शंका आलीच. विचारलं, तर "वयाबरोबर सरळ होईल हो!"

या वाक्याने मला बुडवलं, कारण ते अर्धं खरं आहे. लहान शिंगरांचे गुडघे थोडे आत झुकलेले असतात आणि छाती भरत जाते तसे बहुतेकांचे सुधारतात. पण टापेच्या वरच्या सांध्यापाशी नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाची वाढ पहिल्या 3 महिन्यांतच जवळजवळ आटोपते. गुडघ्याला त्याहून बरीच जास्त सवड असते. माझ्या शिंगराचा बाक होता खालच्या सांध्यात, आणि वय 14 महिने. काय सरळ होणार?

पाच-सहा आठवड्यांत टापा वाढल्या आणि शंकेला जागाच उरली नाही. कडक, सपाट जमिनीवर दुडकी चालवलं तर डावा पाय प्रत्येक पावलाला बाहेर फेकला जात होता. नालबंदाने टाप गुडघ्यांत धरून मला वाकायला लावलं. नवी वाढ वरून चकचकीत. खालचा जुना भाग मात्र निस्तेज, त्यावर कानशीचे आडवे ओरखडे. विक्रीआधी घासून टोक समोर आणलं होतं. टापेला आकार देता येतो, सांध्याला नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नियमित कापणीने ताण थोडा कमी होईल, हाड जसं आहे तसंच राहील.

फोन केला, तर उत्तर तयार होतं, "तुम्ही बघूनच नेलंत की!" यावर काय बोलणार? डॉक्टरला सोबत नेलं नाही ही चूक माझीच.

आणि हो, म्हणे पायाला हात लावू देत नाही. घरी आणल्याच्या दुसऱ्याच सकाळी मी खांद्यावरून हात हळूच खाली नेला, तर नळीपर्यंत पोचायच्या आत त्याने आपणहून टाप उचलून दिली.