नवी मुंबईची चक्रीय अर्थव्यवस्था: आधी काय मोजायचं?

पालिकेत असा, अभ्यासगटात असा, चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याचा, आराखडा करायला बसलात की मोजमापाची पद्धत निवडावी लागते. आपल्यासारख्या शहरासाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत.

पहिला, निर्देशकांचा संच. आयएसओ ३७१२० हे शहरांच्या निर्देशकांचं आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आलं, २०१८ मध्ये सुधारलं गेलं. कचरा, सांडपाणी, ऊर्जा, रोजगार असे आकडे त्यात एका साच्यात बसतात, बराचसा तपशील पालिकेकडे आधीच असतो आणि दुसऱ्या शहराशी तुलना सोपी जाते. अडचण दरडोई आकड्यांची. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजार समितीत, उतरणारी भाजी मुंबई-ठाण्याला जाते, पाला आणि सडका माल मात्र इथेच उरतो. तो वाशी-नेरूळच्या माणसांच्या डोक्यावर वाटला, तर घराघरांतून कचरा वेगळा करणाऱ्यांवर अन्याय होतो. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये शहर देशात तिसरं आलं, तो मान कष्टाचा आहे. पण शहरात माल किती आला, हे त्या गुणांतून कळत नाही.

ते कळतं दुसऱ्या पद्धतीत, मालाच्या प्रवाहाच्या हिशेबात. स्थानिक उत्खननात आवक मिळवायची, जावक वजा करायची, म्हणजे शहरानं वापरलेला माल टनांत मिळतो. त्यातला कचरा म्हणून किती बाहेर पडला आणि इमारती-रस्त्यांत किती साठला, हेही वेगळं काढता येतं. सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू असताना हा साठा फार मोलाचा: उद्याचा राडारोडा आणि उद्याची खडी त्यातच आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना दिल्यानं किती ताजं पाणी वाचतं, हे पाण्याचा असाच ताळेबंद मांडला की दिसतं. मात्र टनांवरून रोजगार कळत नाही, आणि किलोभर खडी व किलोभर रसायन यांच्या प्रदूषणात किती फरक आहे, तेही नाही.

तिसरी पद्धत अर्थतज्ज्ञ लिओन्टिएफ यांच्या आदान-प्रदान कोष्टकांची: कोणता उद्योग कोणाकडून किती रुपयांचा माल घेतो, ते त्यांत मांडलेलं असतं. पैसा आणि प्रदूषण एकत्र जोडणारी हीच, पण उत्पन्नाचे सरकारी अंदाज जिल्ह्यापर्यंतच येतात. ठाणे जिल्ह्याचा आकडा शहरावर उतरवताना गृहीतकं वाढत जातात.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात दुसऱ्या पद्धतीनं करा, तीही अन्न, बांधकाम साहित्य आणि पाणी या तिघांपुरती. वार्षिक अहवालाला निर्देशक पुरतील, कोष्टकं नंतर. बाजार समितीत आवकेची नोंद रोज होतेच. जावक कुठल्या शहरात किती गेली, तेवढं गाड्यांच्या नमुना पाहणीतून काढावं लागेल.